निळं रक्त आणि नऊ जी

सप्टेंबर 2025 मध्ये स्पेनची भावी राणी, राजकन्या लिओनोर, सान हावियेर इथल्या हवाई दलाच्या अकादमीत दाखल झाली. आधी एक वर्ष भूदल, मग एक वर्ष नौदल, आणि आता पिलाटस पीसी-21 हे प्रशिक्षण विमान. तिचे फ्लाइंग सूटमधले फोटो सगळीकडे फिरले. त्यावर लोक जे बोलले त्यात दोन सूर होते. एक, हा सगळा फोटोंपुरता मामला आहे, विमान काय आपोआप उडतं. दुसरा, राजघराण्यातलीच ती, शौर्य तिच्या रक्तातच असणार.

दुसरं वाक्य वाचून मला लिहावंसं वाटलं. कारण लढाऊ विमानात रक्ताचा प्रश्न खरोखरच येतो, फक्त तो वंशाचा नसतो. हृदयापासून डोळ्यापर्यंत जी तीस सेंटिमीटर उंची आहे, तेवढी रक्ताला चढता येते की नाही, एवढाच तो प्रश्न असतो.

वेगात असलेलं विमान वळतं तेव्हा काय होतं ते शाळेतल्या सूत्रावरून काढता येतं. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. ताशी 900 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 250 मीटर. एवढ्या वेगाने एक किलोमीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर त्वरण येतं 62.5, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या साधारण साडेसहा पट. वैमानिक याला साडेसहा जी म्हणतात. युरोफायटर किंवा एफ-16 सारखी विमानं नऊ जीपर्यंत जातात. नऊ जीला पाच किलोचं डोकं पंचेचाळीस किलोचं होतं. मांडीवरचा हात उचलायचा म्हटलं तरी उचलत नाही.

हाडं आणि स्नायू हे सोसतात. अडचण रक्ताची आहे, कारण ते द्रव आहे आणि वजन वाढलं की खाली जातं.

रक्तदाब आपण पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो. हृदयाशी वरचा दाब 120 धरू. पारा पाण्याच्या 13.6 पट जड, रक्त पाण्याहून किंचित जड, 1.06 पट. हृदय ते डोळा ही 300 मिलिमीटर उंचीची रक्ताची उभी धार आहे असं समजा. तिचा दाब येतो 300 गुणिले 1.06 भागिले 13.6, म्हणजे सुमारे 23 मिलिमीटर पारा. आता तुम्ही खुर्चीत ताठ बसून हे वाचत असाल तर तुमच्या डोळ्यापाशी 120 वजा 23, म्हणजे 97 दाब पोचतो आहे. एका जीला 23 खर्च झाले. दोन जीला 46. चार जीला 92, म्हणजे डोळ्याशी उरले 28. साडेचार जीला उरतात जेमतेम सोळा-सतरा. पाच जीला हिशोब जवळजवळ शून्यावर येतो.

यात डोळ्याची एक खास गोष्ट आहे. नेत्रगोल फुगलेला राहावा म्हणून त्याच्या आत स्वतःचा दाब असतो, साधारण दहा ते वीस मिलिमीटर. आत येणाऱ्या रक्ताला तो ओलांडावा लागतो. म्हणून मेंदू शाबूत असतानाच दृष्टिपटल उपाशी पडतं. आधी रंग फिके होतात, मग कडा काळ्या पडत जाऊन नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, मग पूर्ण अंधार. त्या अंधारातही वैमानिक शुद्धीवर असतो, रेडिओवर बोलू शकतो. मेंदू थोडा जास्त का टिकतो? तो बंद कवटीत आहे आणि भोवती मेंदूद्रव आहे. जी वाढले की त्या द्रवाचा दाबही रक्ताबरोबरच खाली येतो, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या बाहेरून चेपल्या जात नाहीत. शिवाय मेंदूतून परतणाऱ्या रक्ताचा दाब शून्याखाली जातो आणि वक्रनलिकेसारखी ओढ तयार होते. मला शरीरशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या गोष्टींपैकी ही एक वाटते. कुणीही न योजता, डोळा मेंदूसाठी धोक्याची घंटा होऊन बसला आहे.

पण ही घंटा हळू वळणातच वाजते. मेंदूतल्या पेशींकडे शिल्लक प्राणवायू चार ते सहा सेकंद पुरेल एवढाच असतो. मानेतल्या मोठ्या रोहिणीत दाब ओळखणारे चेतातंतू असतात. दाब पडला की ते हृदयाला जोर लावायला सांगतात, पण या सगळ्याला दहा सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. आधुनिक विमान एका-दोन सेकंदात आठ-नऊ जीला पोचतं. म्हणजे डोळ्यासमोर अंधारी येण्याआधीच शुद्ध जाऊ शकते, आणि शरीराची मदत पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. बेशुद्धी साधारण बारा सेकंदांची असते. त्यानंतर तेवढाच वेळ माणूस डोळे उघडे ठेवून गोंधळलेला असतो. हात थरथरतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही. पुष्कळांना शुद्ध गेल्याची आठवणही राहत नाही. या वेळात विमान सहा किलोमीटर पुढे, किंवा खाली, गेलेलं असतं. विमान आपोआप उडतं असं म्हणणाऱ्यांना एवढं सांगायला हवं: जमिनीवर आदळण्याआधी विमान स्वतः वर काढणारी यंत्रणा अमेरिकेने एफ-16 मध्ये 2014 पासून बसवली आणि तिने बेशुद्ध वैमानिकांना खरोखर वाचवलं आहे. पण ती यंत्रणा बनवावी लागली, कारण चांगले प्रशिक्षित वैमानिकसुद्धा असे मरत होते.

उपाय काय? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या विल्बर फ्रँक्स यांनी पाणी भरलेला सूट बनवला. आजच्या जी-सूटमध्ये पोट, मांड्या आणि पोटऱ्यांभोवती हवेच्या पिशव्या असतात. जी वाढले की त्या फुगतात आणि रक्ताला पायात साचू देत नाहीत. याने एक-दीड जीची सोय होते. उरलेलं वैमानिकाने स्वतःच्या श्वासातून मिळवायचं असतं.

ते असं. पाय आणि पोटाचे स्नायू दगडासारखे ताणायचे, छातीत हवा भरून घसा बंद करायचा आणि ती हवा बाहेर ढकलायचा जोर लावायचा. हृदय छातीच्या पोकळीत आहे, त्यामुळे पोकळीतला दाब पन्नासने वाढला की हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा दाबही जवळजवळ तेवढाच वाढतो. जणू पंपच उचलून वर ठेवला. पण याची किंमत आहे. छातीत दाब असताना पायाकडून परतणारं रक्त हृदयात शिरू शकत नाही. फार वेळ धरून ठेवलं तर पंप रिकामा. म्हणून दर तीन सेकंदांनी, एका सेकंदाच्या आत, श्वास बदलायचा. तो क्षण सगळ्यात धोक्याचा, कारण श्वास घेताना छातीतला दाब पडतो आणि त्याबरोबर डोक्यातलाही. श्वास जरा लांबला, जोर अर्धा सेकंद उशिरा लावला, घशातून हवा निसटली, की शुद्ध गेली. हे करत असतानाच मान मागे वळवून शत्रूचं विमान शोधायचं असतं.

हे कौशल्य आहे आणि ते गंजतं. काही आठवडे जी सोसले नाहीत तर सहनशक्ती घटते. झोप अपुरी असेल, शरीरात पाणी कमी असेल, नुकतंच आजारपण होऊन गेलं असेल तरी घटते. त्यामुळे सुट्टीवरून आलेल्या वैमानिकाने पहिल्याच उड्डाणात नऊ जी ओढायचे नसतात, हळूहळू चढत जायचं असतं.

राजघराण्यातल्या माणसांनी लढाऊ वैमानिक व्हावं का, या वादात मला नेमकी हीच गोष्ट कुणी बोलताना दिसत नाही. राजपुत्राचा जीव धोक्यात घालावा का, यावरच चर्चा होते. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: त्याला सलग उडायला मिळणार आहे का? मधेच समारंभ, मधेच परदेश दौरा, मधेच कुणाचा राज्याभिषेक, आणि त्यातून उरलेल्या वेळात उड्डाण, असा अर्धवेळ लढाऊ वैमानिक स्वतःसाठी आणि शेजारून उडणाऱ्या सोबत्यासाठी सर्वांत धोकादायक आहे. पूर्णवेळ करायचं असेल तर जरूर करावं. नसेल तर साधं प्रशिक्षण घेऊन थांबावं, त्यातही कमीपणा काही नाही.

आता त्या रक्ताकडे वळतो. निळं रक्त हा शब्दप्रयोग मूळचा स्पेनचाच, 'सांग्रे अझुल'. कॅस्टिलचे सरदार आपल्या गोऱ्या मनगटावरच्या निळसर शिरा दाखवून आपला वंश शुद्ध असल्याचं सांगत. शिरेतलं रक्त गडद लालच असतं. लाल प्रकाश त्वचेत खोल शिरतो आणि शिरेतलं रक्त तो शोषून घेतं. परत येणाऱ्या प्रकाशात लाल कमी पडतो, म्हणून शीर आजूबाजूच्या त्वचेपेक्षा निळी दिसते. बस, एवढंच. आणि त्याच स्पेनच्या राजघराण्याला विसाव्या शतकात रक्तानेच दगा दिला. राजा तेरावा अल्फोन्सो याची राणी व्हिक्टोरिया यूजेनी ही इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाची नात. तिच्याकडून हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, आला. थोरला मुलगा अल्फोन्सो 1938 मध्ये मायामीत आणि धाकटा गोन्सालो 1934 मध्ये ऑस्ट्रियात, दोघंही मोटार अपघातांनंतर झालेल्या रक्तस्रावाने गेले. 'राजघराण्यात नात्यात लग्नं होतात म्हणून हिमोफिलिया' हेही सर्रास सांगितलं जातं आणि चुकीचं आहे. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, त्यामुळे दोषवाहक आईच्या मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी, बाप नात्यातला असो वा परका. त्या मुलांपैकी हुआन निम्म्याच्या चांगल्या बाजूला पडला. लिओनोरचा पणजोबा तो. शौर्य रक्तातून येतं म्हणणाऱ्यांनी या घराण्यात रक्तातून खरोखर काय आलं ते पाहावं.

प्रत्यक्ष युद्धाचा विषय निघाला की सर्वांत आधी ब्रिटन आठवतं. तिथले राजपुत्र बहुतेक हेलिकॉप्टरवर गेले. 1982 च्या फॉकलंड युद्धात प्रिन्स अँड्र्यू 'इन्व्हिन्सिबल' जहाजावरून सी किंग उडवत होते. त्यांच्या कामांपैकी एक म्हणजे एक्झोसेट क्षेपणास्त्राच्या रडारला चकवणं, जहाजाऐवजी हेलिकॉप्टरचा प्रतिध्वनी दाखवणं. तिथे जीचा प्रश्न नव्हता, धोका मात्र पूर्ण होता. प्रिन्स हॅरी 2012 च्या सप्टेंबरपासून सुमारे वीस आठवडे अफगाणिस्तानात अपाचेचे सहवैमानिक आणि तोफची होते. अपाचेत ताण डोळ्यांवर असतो. उजव्या डोळ्यासमोर छोटी काच असते, तिच्यावर आकडे आणि कॅमेऱ्याचं चित्र उमटतं. डावा डोळा बाहेर पाहतो. दोन डोळ्यांना दोन वेगळी जगं दिसतात आणि मेंदूला त्यातलं एक निवडत राहायला शिकवावं लागतं. त्यांनी हे दीड वर्ष शिकून, सलग तैनातीत केलं. माझ्या कसोटीला ते उतरतं.

जेट विमानातलं उदाहरण सौदी अरेबियाचं. प्रिन्स खालिद बिन सलमान यांनी 2014 मध्ये सीरियात आयसिसविरुद्ध एफ-15 उडवलं. वडील तेव्हा युवराज होते. त्याच मोहिमेत 24 डिसेंबर 2014 रोजी जॉर्डनचं एक एफ-16 रक्का शहराजवळ पडलं, वैमानिक आयसिसच्या हाती लागला आणि त्याला मारण्यात आलं. त्याच्या जागी राजपुत्र असता तर? पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या युवराजाला आघाडीपासून दूर ठेवताना युद्धमंत्री किचनर यांना हीच काळजी होती, तो मारला जाण्याची नव्हे, पकडला जाण्याची. ओलीस राजपुत्राला सोडवायला किती जणांना पाठवायचं, हा निर्णय कुठल्याही सेनापतीला शांत डोक्याने घेता येणार नाही. 2008 मध्ये हॅरी पहिल्यांदा अफगाणिस्तानात असल्याची बातमी फुटली तेव्हा त्यांना तातडीने परत आणलं गेलं, कारण त्यांच्या तुकडीतले सगळेच लक्ष्य झाले असते. तो निर्णय मला बरोबर वाटतो. वैमानिकाचं नाव गुप्त राहणार असेल, तरच राजपुत्राला शत्रूच्या प्रदेशावर पाठवावं.

लिओनोरच्या बाबतीत हा प्रश्न अजून दूर आहे. पीसी-21 हे दोन आसनी टर्बोप्रॉप, म्हणजे पुढे पंखा असलेलं विमान, पण आठ जीपर्यंत जाणारं. म्हणजे सूट, पोटऱ्या ताणणं, दर तीन सेकंदांचा श्वास, हे सगळं तिलाही शिकावं लागतं. एका वर्षात कुणीही लढाऊ वैमानिक होत नाही, त्याला पुढे अनेक वर्षं लागतात. पण स्पेनच्या संविधानानुसार सैन्याचं सर्वोच्च प्रमुखपद राजाकडे असतं, ती राणी झाल्यावर तिच्याकडे येईल. युरोफायटरच्या वैमानिकांचा अहवाल उद्या तिच्या टेबलावर आला, त्यात 'वळणात शुद्ध हरपली' असं लिहिलेलं असलं, तर त्याआधीची ती नळीतून पाहिल्यासारखी काळी पडत जाणारी कड कशी असते, हे तिला ठाऊक असेल.