ध्यानाचे वैज्ञानिक संशोधन

योग, झेन, विपश्यना आदी पौर्वात्य परंपरांतील ध्यानपद्धतींचा शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र व मेंदूविज्ञान यांच्या साधनांनी होणारा अभ्यास. त्याचा आरंभ केवळ पाश्चात्त्य विद्यापीठांत झाला, हा समज बरोबर नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून यौगिक क्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली होती.

मेंदूच्या विद्युत्-आलेखांवरील दोन जुने प्रयोग आजही बोधप्रद आहेत. १९६१ मध्ये आनंद, छीना व बलदेव सिंग यांनी दिल्लीत समाधिस्थ योग्यांची नोंद घेतली, तेव्हा प्रखर प्रकाश किंवा मोठा आवाज यांनीही त्यांच्या अल्फा लहरी (शांत जागेपणी दिसणाऱ्या, एरवी अशा व्यत्ययाने मोडणाऱ्या मेंदूलहरी) खंडित झाल्या नाहीत. उलट १९६६ मध्ये कासामात्सू व हिराई यांनी जपानमध्ये तपासलेले झेन साधक तोच आवाज कितीही वेळा आला तरी दर वेळी सारखाच प्रतिसाद देत राहिले; एरवी असा प्रतिसाद सवयीने मंदावतो. एका परंपरेत इंद्रिये अंतर्मुख करण्याची, तर दुसरीत प्रत्येक क्षणाला जागे राहण्याची शिकवण असल्याने हा भेद फार समर्पक वाटला. परंतु १९८१ मधील अधिक काटेकोर चाचणीत तो आढळला नाही.

१९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात धार्मिक चौकट वगळून काही आठवड्यांचा सजगता-अभ्यासक्रम (माइंडफुलनेस) सुरू केला. ठरावीक अवधी व ठरावीक कृती मिळाल्यामुळे नियंत्रित चाचण्या शक्य झाल्या, मात्र शील, गुरू व मुक्तीचे ध्येय बाजूला ठेवल्यावर उरलेली साधना मूळचीच मानावी का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. दलाई लामा व जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को व्हारेला यांच्या सहभागाने १९८७ मध्ये हिमाचल प्रदेशातील धर्मशाला या गावी सुरू झालेल्या संवादांमुळे भिक्षू व शास्त्रज्ञ समोरासमोर आले. २००४ मध्ये रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाला दीर्घकाळ साधना केलेल्या आठ बौद्ध साधकांत नवख्यांपेक्षा तीव्र गॅमा लहरी (वेगवान मेंदूलहरी) आढळल्या. तथापि असा मेंदू साधनेने घडला, की असा मेंदू असणारेच साधनेकडे वळले, हे त्या तुलनेतून सिद्ध होत नाही.

४७ चाचण्यांच्या २०१४ मधील आढाव्यात चिंता, नैराश्य व वेदना यांवर माफक लाभ दिसला, पण औषधे, व्यायाम वा अन्य उपचारांहून ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. काही साधकांना ध्यानातून भीती वा निद्रानाश उद्भवतो, याकडे संशोधकांचे लक्ष मात्र बरेच उशिरा गेले.