वेताळानंतरची चित्रं : मुंबईतल्या ग्राफिक नॉव्हेलची पार्श्वभूमी

मार्च १९६४मध्ये बोरीबंदरसमोरच्या टाइम्स ऑफ इंडियाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. त्याच वर्षी अमेरिकेत रिचर्ड काइल या समीक्षकाने ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द पहिल्यांदा वापरला. चित्रांतून सांगितलेली लांब, गंभीर, मोठ्यांसाठीची गोष्ट असा त्याचा रोख होता. या शब्दाची आणि मुंबईच्या वाचकाची नीट ओळख व्हायला मात्र पुढे चाळीसेक वर्षं गेली.

‘इंद्रजाल’ मराठीतही निघायचं. जंगलात राहणारा बुरखेधारी वेताळ (मूळचा फँटम), जादूगार मँड्रेक आणि १९७६पासून आबिद सुरतींचा बहादूर गिरगाव-परळच्या पोरांना आपल्या भाषेत भेटले. अंक विकत घेणारा एक असे आणि वाचणारे दहा. चाळीच्या गॅलरीत अंक एका दारातून दुसऱ्या दारात जात राही, मुखपृष्ठ फाटलं की कुणीतरी खाकी कागद लावी. ज्यांच्या घरी अंक येत नसे ते रद्दीच्या दुकानातून जुने उचलत, नाहीतर लायब्ररीतून भाड्याने आणत. आज सिनेमांमुळे माहीत असलेली शेमारू १९६२मध्ये पुस्तकं भाड्याने देणारी लायब्ररी म्हणूनच सुरू झाली होती. मुंबईत चित्रकथा पसरली ती या उसनवारीवर. हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण ग्राफिक नॉव्हेलच्या वाट्याला नेमकी हीच सोय फारशी आली नाही.

‘इंद्रजाल’च्या कामातूनच अनंत पै बाहेर पडले आणि १९६७मध्ये इंडिया बुक हाउसकडून ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही तिथली चित्रकार मंडळी मराठी. १९८०मध्ये ‘टिंकल’ आलं. या मालिकांनी लाखो मुलांना वाचायला लावलं. मलाही त्यांनीच वाचायला लावलं, आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण त्यांच्यामुळे चित्रं म्हणजे मुलांची, असा समज घट्ट झाला हेही खरं. वास्तविक आपल्याकडे तसं नव्हतं. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून अख्ख्या गावाला रामायण-महाभारतातली आख्यानं ऐकवत. समोर म्हातारी माणसंही बसलेली असत. शि. द. फडणीसांची शब्दांविना बोलणारी चित्रं दिवाळी अंकांत मोठ्यांनीच वाचली. ‘वाचली’ हाच शब्द बरोबर आहे.

तिकडे अमेरिकेत १९७८मध्ये विल आयझनर या चित्रकथाकाराचं ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ आलं आणि काइलचा शब्द त्याच्यामुळे रूढ झाला. त्यातल्या चारही गोष्टी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या एका भाड्याच्या इमारतीत राहणाऱ्या गरीब कुटुंबांच्या. जिना, कठडा, भिंतीपलीकडचं भांडण हे सगळं चाळीत वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. पुढे आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’ला १९९२मध्ये विशेष पुलित्झर मिळालं. नाझी छळातून वाचलेल्या बापाची कहाणी मुलगा चित्रांतून सांगतो, ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं. २०००पासून मारजान सात्रापीचं ‘पर्सेपोलिस’ फ्रेंचमध्ये येऊ लागलं. मुंबईत ही पुस्तकं आली ती मोठ्या इंग्रजी दुकानांत, आयात किमतीला. फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या रांगेत एखादी प्रत नशिबानेच हाती लागे. महापालिकेच्या कारवाईनंतर फाउंटनची रांग विरळ झाली आणि तो नशिबाचा भागही आटला.

भारतातलं पहिलं ग्राफिक नॉव्हेल म्हणून बहुतेक जण ओरिजित सेन यांच्या ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’चं नाव घेतात. कल्पवृक्ष या पर्यावरण गटाने ते १९९४मध्ये काढलं. विषय नर्मदेवरचं धरण. विष्णू नावाचा तरुण बातमीदार खोऱ्यात जातो आणि त्याच्या प्रवासाला समांतर मालगू गायन हा आदिवासी गायक सृष्टीच्या उत्पत्तीचं गाणं गातो. नर्मदा आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या अंगाने वाहते, तिथली गावंही याच पाण्याखाली गेली. तरी ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ मुंबईत माहीत असलेला मराठी माणूस मला क्वचितच भेटला. कित्येक वर्षं त्याची छापील प्रतच मिळत नव्हती. नवी आवृत्ती चेन्नईच्या ब्लाफ्ट या प्रकाशनसंस्थेने २०२२मध्ये काढली.

मोठ्या प्रकाशकांनी दार उघडलं ते २००४मध्ये सारनाथ बॅनर्जी यांच्या ‘कॉरिडॉर’ने. ते दिल्लीचं. २००८मध्ये अमृता पाटील यांचं ‘कारी’ आलं आणि मुंबई पहिल्यांदा या रूपात दिसली. धुरकट, गटारांनी पोखरलेली, जाहिरात कंपनीत राबणाऱ्या आणि दुसऱ्या मुलीवर प्रेम करणाऱ्या एका एकट्या मुलीच्या नजरेतली. गोष्टीत मुंबईला ‘स्मॉग सिटी’ म्हटलंय, पण आपलं शहर ओळखू येतंच. उपनगरातल्या एका वाचनालयात मला ‘कारी’ बालविभागाच्या कपाटात सापडलं होतं. चित्रं आहेत म्हणून तिकडे. ज्या वाचकासाठी ते होतं, तो त्या कपाटाकडे कधी फिरकणारच नव्हता. वर्सोव्यात ‘लीपिंग विंडोज’ हे कॉमिक्सचं वाचनालय आणि कॅफे सुरू झाल्यावर अशा पुस्तकांना घर मिळालं आणि ती चाळून बघायची, उसनी न्यायची सोय झाली. पण वर्सोवा लालबागपासून लांब, आणि तिथली कपाटं मुख्यतः इंग्रजीच.

२०११मध्ये नवयाना या प्रकाशनसंस्थेने दोन ग्राफिक पुस्तकं काढली. ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ जोतीरावांच्या १८७३च्या ‘गुलामगिरी’वर उभं आहे. ‘भीमायन’ बाबासाहेबांच्या आयुष्यावर आहे. लहानपणीचा कोरेगावचा प्रवास, बडोद्यात राहायला जागा न मिळणं, महाडचं चवदार तळं. ‘अमर चित्र कथे’नेही बाबासाहेबांवर अंक काढला होता, तिथे सरळ चौकटी होत्या. ‘भीमायन’चे चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे परधान गोंड आदिवासी. माणसांना चौकटीत कोंडायचं नाही, असं ठरवून त्यांनी पानभर मोकळी चित्रं काढली. पात्रांच्या बोलण्याचे फुगेही वेगळे. सौम्य बोलणं पक्ष्याच्या आकारात, आणि ज्याच्या बोलण्यात जातीचं विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.

दोन्ही माणसं आपली, एकाचा तर मूळ ग्रंथच मराठी. आणि दोन्ही पुस्तकं आधी इंग्रजीत आली. जंगलात राहणारा बुरखेधारी आपल्याशी मराठीत बोलला, पण चवदार तळं चित्रांत आलं ते परक्या भाषेतून, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मी ‘भीमायन’ विक्रोळीला आत्याकडे नेलं. ती सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी येत नाही. मी वाचून मराठीत सांगत होतो, ती पानावर बोट ठेवून बघत होती. एका फुग्यापाशी थांबून म्हणाली, “ह्याला नांगी का काढलीय?” मी सांगितलं. पुढची पानं तिने मला वाचूच दिली नाहीत. कोण काय बोलला असेल ते फुगा बघून तीच सांगत गेली आणि एखाद-दोनदाच चुकली.

रविवारी पुस्तक परत न्यायला गेलो, तर ते खालच्या मजल्यावर गेलेलं होतं. अजून ते विक्रोळीतच आहे.