मेल येतो, पण जात नाही

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमधून फोन आला : "भाऊ, मेल येऊन राहिले, पण एक बी जात नाही." कोटेशन तसंच आउटबॉक्समध्ये पडून. कीबोर्डवर तुरीच्या डाळीची पिवळी पूड, शेजारी मुनीमजींची डायरी. तिच्यात निळ्या शाईत सेटिंग उतरवलेलं : आउटगोइंग, २५.

सगळा घोळ त्या पंचविसात होता. हा पोर्टचा, म्हणजे मेल हाताळणाऱ्या सर्व्हरच्या दाराचा नंबर.

मेल पाठवण्याचा नियम, एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिला. नेटवर्कवर तेव्हा मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था, म्हणजे सगळी ओळखीची माणसं. त्यामुळे पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारायची सोयच त्यात नव्हती. टपालपेटीत पत्र टाकणाऱ्याला तरी कोण नाव विचारतं? मेल उचलून आणायचा म्हटलं की मात्र 'तुम्ही कोण' हा प्रश्न येतोच. त्यासाठी १९८४ मध्ये पॉप आलं आणि १९८६ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क क्रिस्पिन यांचं आयमॅप. येण्याजाण्याची दारं अशी मुळापासून वेगळी. एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं, ते यामुळेच.

उघड्या दारातून स्पॅमवाले घुसले, तेव्हा कुलपं आली. १९९८ मध्ये ग्राहकांचे मेल स्वीकारायला ५८७ हे वेगळं पोर्ट ठरलं, १९९९ मध्ये पाठवतानाही पासवर्ड तपासायची पद्धत आली. पुढे अनेक इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकांसाठी २५ बंदच करून टाकलं. आउटलुक या मेलच्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये 'आउटगोइंग सर्व्हरलाही लॉगिन लागतं' अशा अर्थाची चौकट वेगळ्या टॅबमध्ये दडलेली असते. ती मागाहून बसवलेल्या कुलपाचीच किल्ली.

४६५ या पोर्टची तर आणखीच गंमत. १९९७ मध्ये ते सुरक्षित एसएमटीपीसाठी नोंदवलं, लगेच मागे घेतलं, लोक वापरतच राहिले, म्हणून २०१८ मध्ये पुन्हा मान्य केलं. ४६५ वर पहिल्या क्षणापासून संवाद कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असतो. ५८७ वर तो साधा सुरू होऊन स्टार्टटीएलएस या आज्ञेने मग कूटबद्ध होतो. पोर्ट एकाचं आणि एन्क्रिप्शन दुसऱ्याचं निवडलं, की प्रोग्राम नुसता वाट बघत बसतो, नाहीतर लगेच एरर देतो.

'आम्ही तर काहीच बदललं नाही' ही तक्रारही खोटी नसते. संवाद कूटबद्ध करणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या, त्यामुळे सर्व्हर अद्ययावत झाला की विंडोज ७ वरचं जुनं आउटलुक अडकू शकतं. गूगलने ३० मे २०२२ पासून अशा प्रोग्रामना नेहमीचा पासवर्ड नाकारायला सुरुवात केली. आता दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो.

मिलमध्ये ५८७ टाकलं, चौकटीत खूण केली. आधी कनेक्शनच जुळत नव्हतं, आता ५३५ आला, म्हणजे 'लॉगिन नाकारलं' असा सर्व्हरचा एरर. दार सापडलं होतं, चुकत होता तो पासवर्ड. तो मुनीमजींनी डायरीच्या मागच्या पानावरून काढून दिला.