बॅलन्सिंग केल्याने रिमचा बेंड जात नाही

पावसाळा सरत आला की दरवर्षी हे सुरू होतं. पाण्याखालच्या खड्ड्यात नाहीतर उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवर चाक आदळतं, स्टेअरिंग थरथरायला लागतं, आणि ज्याला विचारावं तो एकच सल्ला देतो: बॅलन्सिंग करून घ्या. माणूस दुकानात जातो, चारही चाकांना वजनं लागतात, मशीनवर शून्य येतं, पैसे दिले जातात आणि गाडी पुढच्या चौकात पुन्हा डुलते. मग दुसऱ्या दुकानात पुन्हा बॅलन्सिंग आणि सोबत अलाइनमेंट. एवढं होऊनही चाक काढून रिमकडे कोणी नीट बघितलेलं नसतं. याचा मला मनापासून राग येतो, कारण वजनाचा दोष आणि आकाराचा दोष हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

ऑल्टो, वॅगनआर, सँट्रो यांसारख्या लहान गाड्यांत हा घोळ जास्त होतो. त्यांच्या खालच्या मॉडेलांना स्टीलच्या रिम असतात, त्यावर प्लॅस्टिकची व्हीलकॅप, त्यामुळे बेंड दिसत नाही. शिवाय स्टील तडकण्याआधी वाकतं. अलॉयच्या (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) रिमला तडा गेला की हवा जाते आणि मालकाला कळतं. स्टीलची रिम वाकूनही महिनोन्‌महिने धावत राहते.

बॅलन्सिंग काय असतं हे बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. चाकाच्या एका बाजूला थोडं जास्त वजन असेल तर फिरताना ती बाजू बाहेर ओढते. मशीन ती बाजू शोधतं आणि समोरच्या बाजूला वजन लावायला सांगतं. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, तर आणखी वेगळी. गाडी एका बाजूला ओढत असेल, स्टेअरिंग वाकडं राहत असेल, टायर एकाच कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट. तिचा थरथरण्याशी जवळपास संबंध नसतो. आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल तर आधी ब्रेक डिस्क बघा, चाकाच्या मागे लागू नका.

आता खरा मुद्दा. वजनाच्या दोषाची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. १४५/८० आर १३ मापाच्या चाकाला रिमच्या कडेपाशी ३० ग्रॅमचा फरक असेल, तर ताशी ८० किलोमीटरला ती ओढ साधारण ३ किलोच्या जोराइतकी होते. ४० ला ती पाऊण किलोवर येते आणि २० ला जेमतेम २०० ग्रॅम उरते. एवढ्याशा जोराने गाडी डुलूच शकत नाही. म्हणून निव्वळ बॅलन्सिंगचा दोष ६०-७० च्या वर जाणवायला लागतो आणि गल्लीत, पार्किंगमध्ये गाडी अगदी शांत असते.

बेंडचं गणित वेगळं आहे. त्यात चाक गोल राहिलेलं नसतं, किंवा गोल असलं तरी कडेने डोलत असतं. चाक वर-खाली होण्याला वेग लागत नाही, रिमला खळगा असला की ते दर फेरीला होणारच. लहान गाडीच्या टायरला नेहमीच्या हवेत एक मिलिमीटर दाबायला ढोबळमानाने १५ ते २० किलोचा भार लागतो. रिमच्या बैठकीत, म्हणजे टायर जिथे टेकतो त्या जागी, दोन मिलिमीटरचा खळगा असेल तर दर फेरीला त्या चाकावरचा भार ३०-४० किलोंपर्यंत कमी-जास्त होऊ शकतो. टायर त्यातला काही भाग पचवतो, तरी उरतं ते पुष्कळ. ३० ग्रॅमच्या वजनाने ८० च्या वेगाला तीन किलोची ओढ आणि दोन मिलिमीटरच्या खळग्याने २० च्या वेगालाही त्याच्या कितीतरी पट धक्का, हे दोन आकडे शेजारी ठेवले की शिशाच्या तुकड्याने बेंड का जात नाही ते कळतं.

यावरून एक पक्की खूण मिळते: २०-३० च्या वेगाला गाडी लयीत उड्या मारत असेल किंवा स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलत असेल, तर तो बॅलन्सिंगचा दोष नव्हे. पण याच्या उलट बाजू खरी धरू नका, लोक हमखास इथे चुकतात. फक्त ७०-९० च्या दरम्यान थरथरतंय म्हणजे बॅलन्सिंगच, असं अजिबात नाही. वर सांगितलेल्या मापाचं चाक ८० च्या वेगाला सेकंदाला साडेबारा फेऱ्यांहून थोडं जास्त फिरतं. सस्पेन्शन आणि स्टेअरिंगची स्वतःची थरथर साधारण याच पट्ट्यात असते, त्यामुळे थोडासा बेंडही कमी वेगात लपतो आणि इथे येऊन अंग दाखवतो. म्हणजे हळू वेगातल्या डुलण्याचं कारण आकारात शोधायचं, आणि जोरात थरथर असेल तर दोन्ही शक्यता. तिचा निकाल डोळ्यांनी बघूनच लागतो.

मग मशीन शून्य कसं दाखवतं? कारण ते चाक अधांतरी फिरवतं. त्याच्यावर गाडीचा भार नसतो, खाली रस्ता नसतो. वाकलेल्या रिमचं वजन थोडं सरकलेलं असतं, तेवढं मशीन पकडतं, ६०-७० ग्रॅम लावायला सांगतं आणि समाधानाने शून्य दाखवतं. खळगा मात्र जागच्या जागी असतो. टायरवर रोलर दाबून मोजणारी मशिनं असतात, पण साध्या टायरच्या दुकानात ती सहसा नसतात. लहान गाडीच्या चाकाला एका बाजूने ५०-६० ग्रॅमहून जास्त वजन मागितलं जात असेल तर मुकाट्याने लावू देऊ नका, कारण विचारा. चाक मशीनवर फिरत असताना आकड्यांकडे न बघता रिमच्या दोन्ही कडांकडे बघा. सायकलच्या चाकाचा आऊट ब्रेकच्या रबराशी बघतात, तसाच हा दिसतो: स्थिर टोकाशी कडेचं अंतर कमी-जास्त होतं.

दुकानावर विसंबायचं नसेल तर घरीही बघता येतं. सपाट जागेत गाडी उभी करा. पुढचं चाक तपासायचं तर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि जॅकने चाक उचला. मागचं तपासताना हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढची चाकं विटांनी घट्ट अडवा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. या गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना असते, त्यामुळे मागचं चाक मोकळं फिरतं. गाडीखाली हात-डोकं घालू नका. आता एका विटेवर स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याचं टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. एकदा टोक कडेच्या बाजूने धरा, एकदा घेराच्या दिशेने. नुसत्या डोळ्यांनी फट बदलताना स्पष्ट दिसली तर बेंड दुरुस्तीच्या लायक आहे असं समजा. ठीक रिमची हालचाल एक मिलिमीटरच्या आसपासच असते. रिम सरळ फिरते पण टायर उड्या मारतो असं दिसलं, तर टायर आतून सुटलाय किंवा नीट बसलेला नाही. त्यात रिमचा दोष नाही.

आतली कड विसरू नका. स्टील रिमची मधली तबकडी बाहेरच्या बाजूला जोडलेली असते, त्यामुळे आतली बाजू कमी आधाराची आणि खड्ड्यात बहुधा तीच वाकते. बाहेरून रिम नवीकोरी दिसते. उलट बाहेरच्या कडेला नखाएवढा चिमटा बसलेला असतो, तो बघून लोक घाबरतात, पण बैठक शाबूत असेल तर त्या चिमट्याने गाडी हलत नाही. आणि रिम काढलीच आहे तर हबवरचा (रिम जिथे बसते त्या भागावरचा) गंज, चिखल वायर ब्रशने घासून काढा. मध्ये कचरा अडकला तर सरळ रिमही डोलते.

बेंड निघाला तर काय करायचं? बैठकीचा किंवा कडेचा बेंड असेल तर टायर काढून, रिम मशीनवर फिरवत हायड्रॉलिक जॅकने दाबून सरळ करून घ्या. स्टील थंड असतानाच सरळ होतं. गॅसने तापवून ठोकणाऱ्याला रिम देऊ नका, तापवलेल्या जागी धातूची ताकद जाते. टायर चढलेला असताना पंक्चरवाल्याने घणाने दोन टोले मारून 'झालं' म्हणणं हेही चालवून घेऊ नका. तबकडी वाकली असेल, नटची भोकं लांबट झाली असतील किंवा कुठेही तडा दिसला तर वेल्डिंगचा विचारच नको, रिम बदला. लहान गाडीची स्टील रिम अलॉयच्या मानाने स्वस्त मिळते, तिच्यासाठी जीव धोक्यात घालण्यात काही अर्थ नाही.

दोन सल्ले तर मी ऐकूनच घेत नाही. पहिला, 'ते चाक मागे टाका.' मागे टाकलं की थरथर स्टेअरिंगऐवजी सीटमध्ये जाते, एवढंच. हवा गळणारं वाकडं चाक मागे असणं अधिक वाईट, कारण मागचा टायर बसला की गाडी सावरायला कठीण जाते. दुसरा, कडेने हवा जातेय म्हणून ट्यूबलेस टायरात ट्यूब घालणं. गळती लपते, बेंड राहतो, आणि पंक्चर झालं की जी हवा सावकाश गेली असती ती एकदम जाते. गळती असेल तर साबणाचं पाणी कडेवर लावा, बुडबुडे जिथे येतील तिथली बैठक सरळ करून घ्या.

रिम सरळ झाली की मग बॅलन्सिंग. हाच क्रम, उलटा नाही. जुनी वजनं सगळी काढायला लावा, नाहीतर आधीच्या बेंडसाठी लावलेली वजनं सरळ रिमवर नवा दोष करतील. गाडीला चढवताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. लहान गाड्यांना आवळायला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरचा जोर (टॉर्क) लागतो, नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत असतो. पन्नासेक किलोमीटर चालवून नट एकदा पुन्हा तपासा.