विनापरवाना वैमानिक : हलक्या विमानांच्या अवतरण-अपघातांचे अन्वेषण

वैध परवान्याविना चालविलेल्या हलक्या विमानास उतरताना झालेल्या अपघाताची तांत्रिक चौकशी. परवाना मुळीच नसणे, विशिष्ट मानांकनाची (परवान्यावरील ठरावीक प्रकारचे विमान वा उड्डाण करण्याच्या मुभेची) मुदत संपणे व वैद्यकीय प्रमाणपत्र नसणे हे भिन्न प्रकार अन्वेषणात स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

परवान्याचा उगम कोठे मानावा याविषयी एकवाक्यता नाही. फ्रान्समध्ये 1909 च्या सुमारास, तर ब्रिटनमध्ये मार्च 1910 पासून एअरो क्लब (हौशी विमानविद्येच्या संस्था) प्रमाणपत्रे देऊ लागले. मात्र ती क्लबची प्रमाणपत्रे होती. 1919 च्या हवाई वाहतुकीविषयीच्या पॅरिस कराराने वैमानिकाचा परवाना शासनाच्या अखत्यारीत आणला, म्हणून तेथूनच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी मुंबईत मिळालेला, भारतातील पहिला म्हणून गणला जाणारा परवानाही एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माचा होता. अन्वेषणाचा आरंभ ब्रिटिश परंपरा 1915 मध्ये धरते. परंतु इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथील मे 1912 च्या अपघातावरील रॉयल एअरो क्लबचा अहवाल त्याआधीचा आहे. त्यात दोष वैमानिकाचा ठरला, आणि त्याच्याकडे प्रमाणपत्र होते.

हलक्या विमानांत सहसा ब्लॅक बॉक्स नसतो. त्यामुळे धावपट्टीवरील टायरच्या खुणा, फ्लॅपची (पंखांच्या मागील कडेच्या हलत्या पट्ट्यांची) स्थिती, इंधनाचे नमुने, जीपीएसमधील नोंदी, नियंत्रण कक्षाचे ध्वनिमुद्रण व वैमानिकाचे लॉगबुक यांवर भिस्त असते. प्रोपेलरच्या पात्यांची टोके पुढे वळलेली असल्यास जमिनीला लागताना इंजिन शक्ती देत होते, असे सर्वसाधारणपणे मानतात. केवळ या खुणेवर विसंबू नये. पुढचे चाक आधी टेकून विमान उसळणे आणि घाईने नियंत्रण-दांडा पुढे ढकलल्याने उसळ्या वाढत जाणे, हा अशा अपघातांचा नेहमीचा क्रम.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीविषयीच्या शिकागो कराराच्या परिशिष्ट 13 नुसार अन्वेषणाचा हेतू दोष ठरविणे नसून पुनरावृत्ती टाळणे हा आहे. परवाना नसणे हे आपोआप कारण ठरत नाही. प्रशिक्षण वा सराव यांची उणीव प्रत्यक्ष चुकीशी जोडता आली पाहिजे. फुटबॉलपटू एमिलियानो साला यांच्या 2019 मधील अपघाताच्या (अवतरणाचा नव्हे) ब्रिटिश अहवालात वैमानिकाच्या मानांकनाची मुदत संपल्याची नोंद आहे. पण विश्लेषणाचा भर रात्रीच्या उड्डाणाचे प्रशिक्षण व केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याचा अलीकडील सराव नसण्यावर, तसेच कार्बन मोनॉक्साइडच्या संभाव्य परिणामावर आहे. दंडात्मक कारवाई स्वतंत्रपणे चालते.

भारतात अशा चौकशा विमान अपघात अन्वेषण ब्यूरो व नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यांच्याकडे येतात. जानेवारी 2011 मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरले. विमान मोठे होते, तरी तपासाची दिशा येथे लक्षणीय ठरते : उतरण्याच्या पद्धतीवरून सुरू झालेली चौकशी वैमानिकाच्या परीक्षेच्या बनावट गुणपत्रिकेपर्यंत पोचली व पुढे इतरांच्या परवान्यांचीही छाननी झाली.