पाइन पिवळा पडतोय? जरा थांबा

ऑक्टोबर उजाडला की उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, अंगणात ईस्टर्न व्हाइट पाइन लावलेल्यांच्या पोटात गोळा येतो. सदाहरित म्हणून हौसेनं लावलेलं इथलंच देशी झाड आतून पिवळं पडू लागतं. बहुतेक वेळा त्याला काहीही झालेलं नसतं. या पाइनची सुईसारखी पानं साधारण दोन वर्षं जगतात, मग फांदीच्या आतल्या बाजूची जुनी पानं एकदमच झडतात. टोकाकडची पानं हिरवी असली की निर्धास्त राहावं. टोकंच तपकिरी होत असतील, तर रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचा संशय घ्यावा. मीठ या झाडाला मुळीच सोसत नाही.

पाच-पाच सुयांची जुडी, ही त्याची ओळख. दरवर्षी खोडावर फांद्यांचं एक कडं येतं. कडी मोजून वर सुरुवातीची दोन-तीन वर्षं मिळवली, की वयाचा अंदाज बांधता येतो.

जागा मात्र नीट निवडा. निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी जमीन आणि भरपूर ऊन मिळालं तर हे झाड वर्षाला दोन-तीन फूटही वाढतं आणि अंगणात ५० ते ८० फुटांवर जातं. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत, खासगी मालकीत न गेलेल्या जमिनीवरची २४ इंच आणि त्याहून जाड झाडं ब्रिटिश राजसत्तेनं जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी राखून ठेवली होती. त्यांत मुख्य हेच झाड. खिडकीखाली लावायचं हे झाड नव्हे!

‘मोठं झालं की छाटू’ हा हिशेबही इथे चालत नाही. पाइनच्या पानं गळलेल्या जुन्या लाकडावर नवे डोळे फुटत नाहीत. तिथे कापलेली फांदी मरते. आकार आवरायचा तर वसंताच्या अखेरीस, मेणबत्तीसारखे कोवळे कोंब सुया उलगडण्याआधी निम्मे खुडायचे. एवढीच मुभा.

शेंडा छत्रीच्या मुठीसारखा वाकून वाळला, तर तो भुंग्याच्या अळ्यांनी पोखरलेला असतो. तो कापून नष्ट करावा आणि खालच्या कड्यातली एकच जोमदार फांदी वर जाऊ द्यावी, नाहीतर खोड दुभंगतं.

शेजारी काळ्या करंटचं, म्हणजे छोट्या काळ्या फळांचं, झुडूप आहे का, तेही पाहा. पाइनला घातक असलेल्या ब्लिस्टर रस्ट या बुरशीचा एका पाइनवरून थेट दुसऱ्या पाइनवर प्रसार होत नाही. मध्ये करंट किंवा गूजबेरीच्या पानांवर तिला मुक्काम लागतोच.