कॉर्न की स्लश? एप्रिलच्या गुलमर्गमधला ओला बर्फ

मार्च एंड उरकल्याशिवाय आमच्या डिपार्टमेंटमध्ये कुणालाच रजा मिळत नाही, त्यामुळे स्कीइंगचं वेड लागलं तेव्हाच कळून चुकलं की जानेवारीतली ती भुसभुशीत पावडर आपल्या नशिबात नाही, आपल्याला मिळणार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली उरलीसुरली. दोनदा गेले गुलमर्गला, दोन्ही वेळा तेव्हाच. आता ठाण्याचा माझा मावसभाऊ जायचं म्हणतोय, आणि कुठे कुठे काय काय वाचून त्याने मला रविवारी तलावपाळीवर गाठलं. "ताई, कुणी म्हणतं एप्रिलमध्ये कॉर्न म्हणजे दाणेदार बर्फ मिळतो, भारी असतो, कुणी म्हणतं नुसता स्लश, पाणी पाणी झालेला बर्फ असतो, जाऊच नका. दोन्ही ओलाच बर्फ ना? मग फरक काय?"

प्रश्न काही चुकीचा नाहीये. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, मळकट पांढरे, उन्हात चमकणारे. पायाखाली मात्र दोघांत साबुदाण्याच्या खिचडीइतका फरक आहे, अगदी शब्दशः. नीट भिजलेला साबुदाणा कसा, दाणा न् दाणा मोकळा, बोटाने दाबला तर मऊ पण बोटाला चिकटत नाही, आणि त्याच साबुदाण्याला पाणी जास्त झालं की गिच्च गोळा, चमचा उभा राहील असा. सामान तेच. कॉर्न म्हणजे मोकळी खिचडी, स्लश म्हणजे गिचका. फक्त आपल्या ओट्यावर गिचका झालेली खिचडी परत मोकळी होत नाही, डोंगरावर होते, रोज रात्री होते, आकाश साफ असेल तर. ह्या 'तर'वर सगळं अडलेलं असतं, ते पुढे सांगते.

आधी दाणा येतो कुठून ते. ताजा पडलेला बर्फ म्हणजे बारीक, फांद्या फुटलेले स्फटिक. मार्च लागला की तो दिवसा थोडा वितळतो, रात्री गोठतो, दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि ह्या रोजच्या उलाढालीत लहान स्फटिक आधी वितळून जातात, त्यांचं पाणी मोठ्यांवर जाऊन गोठतं, मोठे अजून मोठे आणि गोल गोल होत जातात. घरच्या घरी बघायचंय? सोसायटीची लाईट चार तास गेली की फ्रीजरमधलं आइस्क्रीम मऊ पडतं, लाईट आल्यावर परत घट्ट होतं, पण दुसऱ्या दिवशी खाल्लं की दाताखाली कचकचतं ना, तोच प्रकार. बर्फात असं होता होता खडीसाखरेच्या बारक्या तुकड्यांसारखे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे दाणे आणि त्यांचे झुपके तयार होतात. वजनही वाढतं, थंडीतला ताजा बर्फ एका घनमीटरला ५० ते १०० किलो, हा वसंतातला मुरलेला ४०० ते ५०० किलो.

पण दाणे झाले म्हणजे कॉर्न झाला असं नाही हां, सगळे फसतात ते इथेच. स्लशमध्येही दाणे हेच असतात! फरक दाण्यात नाही, दाण्याखाली काय आहे त्यात आहे. कॉर्नमध्ये वरचे फक्त दोन-पाच सेंटीमीटर सुटलेले असतात आणि त्याखाली रात्रभर गोठलेला टणक थर असतो, स्की वरच्या मऊ दाण्यांवर वळते आणि खालचा थर वजन पेलतो. स्लशमध्ये खालीच काही उरलेलं नसतं, वरपासून आतपर्यंत पाणीच पाणी, दाणे एकमेकांना धरून नसतात, त्यामुळे स्की आत बसते. मऊ दोन्ही लागतात म्हणून लोक दोन्हीला मऊ म्हणतात, झालं.

आता तो 'तर'. रात्री बर्फ गोठायचा तर हवेचं तापमान शून्याखाली जायला लागतं असं आपल्याला वाटतं, मलाही वाटायचं, मी मोबाईलवर रात्रीचं २ डिग्री बघून हिरमुसून झोपले होते पहिल्या वर्षी. पण महाबळेश्वरची दर हिवाळ्यातली बातमी आठव ना, वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले, जीपच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण, आणि त्याच बातमीत तापमान लिहिलेलं असतं चार-पाच डिग्री! हवा चार डिग्री आणि पान शून्याखाली, कसं काय? कारण साफ आकाशाखाली पान स्वतःची उष्णता सरळ वर फेकत असतं आणि वरून परत फारसं काही येत नाही, त्यामुळे ते आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त थंड होतं. बर्फ ह्या कामात एकदम पटाईत आहे. दिवसा उन्हाचा बराचसा प्रकाश परतवून लावतो पण रात्री स्वतःची उष्णता जवळजवळ पूर्ण ताकदीने बाहेर टाकतो. म्हणून हवा शून्याच्या वर दोन-तीन डिग्री असली तरी कोरडी साफ रात्र असेल तर वरचा थर कडक गोठतो. आणि ढग आले की उलटं, ढग म्हणजे गोधडी, खालून गेलेली उष्णता परत खाली पाठवतात, मग थर्मामीटर एक डिग्री दाखवत असला तरी सकाळी बर्फ तसाच लदलदीत. वाशीला जूनमध्ये रात्री बारा वाजताही घाम का येतो ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

त्यामुळे हवामान बघताना रात्रीचं तापमान नंतर, आधी रात्रीचे ढग बघायचे. हे एक कळलं असतं तर माझा एक पूर्ण दिवस वाचला असता.

अजून एक गोष्ट, पाणी गोठायला वेळ लागतो. शून्य डिग्रीच्या एक किलो पाण्याचा शून्य डिग्रीचा बर्फ करायला ३३४ किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते, म्हणजे तेच पाणी ८० डिग्रीवरून शून्यावर आणायला जेवढी लागते तेवढीच. आदल्या दिवशी बर्फ खोलवर भिजला असेल तर एका रात्रीत सगळा गोठत नाही, वर नुसती पापुद्र्यासारखी साय धरते, सकाळी कडक वाटते आणि तासाभरात तुटते. पण ह्याच हिशोबाचा सकाळी फायदा होतो, रात्री नीट गोठलेला थर उन्हात लगेच हार मानत नाही.

म्हणून एकाच उतारावर एकाच दिवशी तीन वेगवेगळे बर्फ भेटतात. सकाळी सकाळी तो काचेसारखा, स्कीच्या कडा त्यात रुतत नाहीत, दात हलतील असा खडखडाट, तेव्हा उतरलात तर म्हणाल कसला कॉर्न, हा तर फरशीचा तुकडा. मग ऊन लागून वरचे दाणे सुटतात, तो कॉर्न, ती मजा, कधी तासभर कधी दोन तास. आणि मग तोच बर्फ दुपारी स्लश. म्हणजे भावा, कॉर्न आणि स्लश ही दोन जातीची बर्फं नाहीतच, एकाच बर्फाची अकरा वाजताची आणि दोन वाजताची तब्येत आहे ती. घड्याळातले आकडे मात्र पाठ करू नकोस, ते रोज बदलतात.

वसंतात हे इतकं पटापट का होतं तर सूर्य. गुलमर्ग साधारण ३४ अंश अक्षांशावर आहे, डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ३२-३३ अंशांवर असतो, २१ मार्चला ५६ अंशांवर, एप्रिलमध्ये त्याच्याही वर. त्यात जुना ओला बर्फ ताज्यापेक्षा मळका, ऊन कमी परतवतो, जास्त पितो.

मग उभ्या उभ्या ओळखायचं कसं? मूठभर घे आणि पिळ. खरंच, बर्फाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातसुद्धा हेच आहे. पाणी ३ टक्क्यांच्या आत असेल तर नुसता ओलसर, गोळा वळतो पण हातात पाणी दिसत नाही. ३ ते ८ टक्के म्हणजे ओला, भिंगातून बघितलं तर दाण्यांमध्ये पाणी दिसेल पण पिळून निघत नाही. ८ ते १५ टक्के म्हणजे खूप ओला, पिळला की पाणी गळतं. आणि १५ टक्क्यांच्या वर स्लश. तलावपाळीवरचा गोळा आठव, गोळेवाला काडीला दाबून देतो तेव्हा तो धरून असतो आणि शेवटी ग्लासात काला खट्टामध्ये बुडून बसतो तो स्लश. मुठीपेक्षा बूट अजून खरं बोलतो. स्की काढून चालून बघ, वरचे दाणे सरकले आणि बूट खाली टणकवर टेकला तर ठीक, बूट घोट्याच्या वर आत जायला लागला की त्या उतारावरचा दिवस संपला.

हे मला कळायच्या आधी मी पडून शिकले. पहिल्या वर्षी ज्या टूरवाल्याकडून पॅकेज घेतलं होतं त्याने सकाळ फोटो आणि नाश्त्यात घालवली आणि आम्हाला बुटं बांधून उभं केलं दुपारी एकला, खालच्या नवशिक्यांच्या उतारावर. सावलीतून उन्हात आले आणि स्कीला कुणीतरी खालून धरल्यासारखं झालं. स्की थांबली, मी नाही थांबले. गुडघा पिरगळला, पुढे तीन आठवडे घणसोली स्टेशनचा जिना एकेक पायरी. तेव्हा वाटलं मला येत नाही. तसं येत नव्हतंच म्हणा, पण पाडायला बर्फानेही हातभार लावला. स्की घसरते ती तळाशी असलेल्या पाण्याच्या अगदी पातळ थरावर, तो थर हवाच, पण पाणी जास्त झालं की ओला ग्लास काचेच्या टेबलाला चिकटतो तशी स्की चिकटते. म्हणून भाड्याची स्की घेताना तळाला गरम दिवसांतल्या बर्फाचं वॅक्स, म्हणजे मेण, लावून द्या म्हणून सांगायचं, थंडीतलं वॅक्स ह्या दिवसांत काही कामाचं नाही. आणि स्लशमध्ये सापडलोच तर वजन दोन्ही पायांवर सारखं, मोठी आरामशीर वळणं, मध्येच करकचून ब्रेक मारायला जायचं नाही.

गुडघ्यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच आहे, आणि ती सांगताना मी जरा ओरडूनच बोलते. पाणी बर्फात खोलवर मुरलं की दाण्यांची एकमेकांवरची पकड जाते आणि तीव्र उतारावर अख्खा ओला थर खाली येऊ शकतो, हळू येतो पण सिमेंटसारखा जड असतो. उतारावरून बर्फाच्या गोल गुंडाळ्या आपोआप घरंगळत यायला लागल्या, पाय बुडायला लागला, की तिथून निघायचं. रात्री गोठलंच नसेल तर त्या भागात जायचंच नाही. आखलेल्या उताराबाहेर तर गाईडशिवाय कधीच नाही, हे जानेवारीलाही लागू आहे.

मग दिवस वाढवायचा कसा? उंची आणि दिशा. गुलमर्ग गाव साधारण २,६५० मीटरवर, गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीच्या मधल्या स्टेशनपर्यंत, तो १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये, अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, साधारण ३,९५० मीटर. म्हणजे १,३०० मीटरचा फरक, दर हजार मीटरला साडेसहा डिग्री धरले तर वर आठ-साडेआठ डिग्री थंडी जास्त. खाली गिचका झाला तेव्हा वर अजून मोकळी खिचडी असते, कधी तर वर अजून फरशीच असते. तसंच पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी सुटतो, मग दक्षिणेकडचा, पश्चिमेचा सगळ्यात शेवटी, आणि उत्तरेकडचा कित्येकदा दिवसभर सुटतच नाही. सूर्याच्या मागे मागे फिरायचं, वाळवणाच्या पापडांची चटई सरकवत नेतो तसं. नवशिक्याला हे सगळं जमत नाही हे खरंय, कारण शिकायचे उतार खालीच आहेत आणि गोंडोला उघडून रांग सरकेपर्यंत वेळ जातो, वारा असला तर वरचा टप्पा बंदच.

हे सगळं ऐकून तो म्हणाला, "मग दुपारी करायचं काय?" कहवा प्यायचा, दुसरं काय. आणि सनस्क्रीन, हनुवटीच्या खालूनही, बर्फावरून ऊन खालून वर येतं, मी विसरले होते आणि ऑफिसमध्ये आठवडाभर सगळ्यांना नाक सोललेलं दाखवत फिरले. रात्री झोपायच्या आधी बाहेर येऊन वर बघायचं. चांदण्या लखलखीत असल्या तर अलार्म साडेसहाचा. ढग असले तर अलार्म बंद कर आणि सकाळी सावकाश आलू पराठा खा.